संध्याकाळी हिरवं दिसणारं चाक

पिवळ्या रंगात काळा मिसळला की तो नुसता मळका पिवळा होत नाही, त्यात थोडी हिरवी झाक येते. भर दुपारी ती झाक दिसत नाही. ऊन तिरपं, तांबूस झालं की मग ती वर येते. हे मला कुणी शिकवलं नाही. गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत आमच्या शेडमध्ये एका ट्रकच्या चाकाचा रंग जुळवताना ते माझ्या लक्षात आलं. तेव्हा ती गोष्ट अगदी एवढीशी वाटली होती.

आमची शेड लोहाऱ्याला, दारव्हा रोडला लागून आहे. लोखंडी खांब, वर पत्रे, एका बाजूला रंगाचे डबे ठेवायची खोली, मागे आमचं घर. बाबा ट्रक रंगवतात. पूर्वी ते पूर्ण गाड्या रंगवायचे. आता लोक डागडुजीच जास्त करून घेतात. घासलेला दरवाजा, चेपलेला बंपर, दगड लागून टवके उडालेली चाकं. ऐकणाऱ्याला वाटतं की हे काम लहान असेल. पण नवा रंग लावणं सोपं असतं, जुन्याशी जुळवणं अवघड. उन्हातानात फिरलेला पिवळा डब्यातल्या पिवळ्यासारखा राहत नाही. त्यात धूळ मुरलेली असते, डिझेलचा तवंग असतो, काळ्या मातीचे शिंतोडे वाळून गेलेले असतात. तसा रंग मुद्दाम बनवावा लागतो.

बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. पांढरा आणि फिकट पिवळा यांतला फरक त्यांना आता नीट कळत नाही. हे ते बाहेर कुणाला सांगत नाहीत. ऑपरेशन दिवाळीनंतर, मग संक्रांतीनंतर, असं पुढे जात राहतं. त्यामुळे मी सुट्टीत घरी आले की रंग जुळवायचं काम माझ्याकडे येतं. मी अमरावतीला होस्टेलला राहून बी.एस्सी. करते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे बाबांना वाटतं, मला सगळं येत असेल. मला तसं वाटत नाही. पण रंगाचं मला बरं जमतं, हे खरं आहे.

दसऱ्याच्या चार-पाच दिवस आधी मामा ट्रक घेऊन शेडवर आला. माझा मामा आमच्याच वस्तीत राहतो. मामी आणि दोन लहान मुली असा त्याचा संसार. दिग्रसच्या एका मालकाचा सहा चाकी ट्रक तो चालवतो, पुढे दोन चाकं आणि मागे दोन्ही बाजूंना जोडीनं दोन-दोन. मागच्या एका चाकाची डिस्क, म्हणजे टायर जिच्यावर बसतो ती लोखंडी तबकडी, वाकली होती. पुलाजवळच्या दगडावर चाक आपटलं होतं. डिस्कला जी लांबट भोकं असतात, त्यांतल्या एकापासून केसासारखी बारीक चीर निघाली होती आणि तिच्यातून गंजाचा लालसर ओघळ आला होता.

"साळेसाहेब, डोये उघडे ठेवून चालवत जा न," बाबा म्हणाले.

"माहे उघडेच होते भाऊजी. दगडाचे बंद होते."

आम्ही हसलो. बाबा मात्र त्या चिरेवर अंगठा ठेवून खाली बसून राहिले.

"हे काही रंगाचं काम नाही," ते म्हणाले. "ही डिस्क फेकाची हाये."

मामाने मालकाला फोन लावून दिला. दीड-दोन तासांनी मालक स्वतःच त्यांच्या कारने आले. बोलायला गोड माणूस. माझी चौकशी केली, कितव्या वर्षाला आहे विचारलं. मग चाकापाशी गेले.

"नवी डिस्क नागपूरहून दसरा झाल्यावर येते," ते म्हणाले. "तवर वेल्डिंग मारून, रंग मारून पूजेपुरती ठीक करून द्या. दसऱ्याले फुटक्या चाकाची गाडी उभी करू का दारात?"

"मालक, लोडवर हे नाही चालत," बाबा म्हणाले.

"लोडवर कोण चालवते? पूजा झाली की गाडी टायरवाल्याकडं चालली. पुढं नवे टायर टाकाचे हायेत, मुहूर्ताचे. तवाच हे चाक स्टेपनीत टाकू. बस. पण भाऊ, काम असं कराचं की कोणाले दिसलं नाही पायजे."

यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. दोन दिवसांचा प्रश्न होता.

वेल्डिंगवाल्याने चीर भरली, ग्राइंडर मारला. बाबांनी वाकलेली कड ठोकून सरळ केली, पुट्टी भरली आणि पॉलिश पेपर मारून इतकी गुळगुळीत केली की बोट फिरवलं तरी कुठे अडकत नव्हतं. मग मी रंगाला बसले. पिवळा घेतला, त्यात पांढरा, थेंब थेंब काळा. पत्र्याच्या तुकड्यावर एक हात मारायचा, वाळू द्यायचा, उन्हात नेऊन चाकाला लावून पाहायचा. ओला रंग नेहमी वेगळा दिसतो, म्हणून वाळेपर्यंत थांबावंच लागतं. दुपारपर्यंत माझ्यासमोर तसे कितीतरी तुकडे जमले. शेवटी एक जुळला. बाबांनी ब्रशने मारला. मामा दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "पोरीनं कमाल केली राजेहो."

पण संध्याकाळी मी हातपाय धुऊन बाहेर आले तेव्हा चाकावर तो डाग स्पष्ट दिसला. सूर्य दारव्ह्याच्या बाजूला उतरला होता, सगळी गाडी तांबूस दिसत होती आणि तेवढाच एक तुकडा हिरवट होता, शेवाळासारखा. मला फार वाईट वाटलं. बाबा म्हणाले, राहू दे, दोन दिवसांसाठी कोण पाहते. पण मला राहवेना. दुसऱ्या दिवशी मी त्यात जरासं रेड ऑक्साईड, लोखंडाला गंजू नये म्हणून मारतात तो लाल रंग, टाकलं, अगदी काडीच्या टोकावर येईल एवढं, आणि बाबांकडून आणखी एक हात मारून घेतला. मग त्या संध्याकाळी मी मुद्दाम उभी राहून पाहिलं. काहीच दिसत नव्हतं. कुठल्या जागी दुरुस्ती केली होती, ते मला स्वतःला भोकं मोजल्याशिवाय सांगता येईना.

त्या दिवशी मी खूप खूश होते. होस्टेलच्या मैत्रिणीला फोटोसुद्धा पाठवला. तिने विचारलं, यात पाहायचं काय आहे? मी लिहिलं, तेच तर.

गाडी द्यायच्या आधी बाबांनी उरलेल्या रेड ऑक्साईडचा एक ठसठशीत लाल टिपका त्या डिस्कच्या मधोमध लावला. खूण म्हणून. मामाने टायरवाल्याला माझ्यासमोरच फोन केला.

"ज्या चाकाले लाल टिपका हाये न, ते स्टेपनीत टाकजो. इसरू नको."

"टाकतो न भाऊ. त्याच्यात काय इसराचं हाये?"

दसऱ्याला आम्ही सगळे, मामाचं घरही, नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो. दरवर्षी जातो. मालकाला ते माहीत आहे, त्या दिवशी ते मामाला सुट्टी देतात. मला त्या दिवशी मालकाच्या ट्रकची एकदाही आठवण झाली नाही. गर्दीत मामाच्या धाकटीला खांद्यावर घेऊन मी फिरत होते. फोनला रेंज नव्हती.

तिकडे मालकाच्या दारात गाडी धुतली गेली. बोनेटला झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. आणि मालकीणबाईंनी प्रत्येक चाकाला, डिस्कच्या मधोमध, तेलात कालवलेलं कुंकू लावलं. स्टेपनीलासुद्धा. आमच्या घरात दसऱ्याला गाडीची पूजा होत नाही, कुंकवाची डबीच नाही. बाबांनी आयुष्यभर दसऱ्याच्या आधी गाड्या रंगवून दिल्या, पण पूजेच्या वेळी ते कधीच कुठल्या दारात नव्हते. त्यांना लाल टिपका सुचला आणि त्यात काही चुकतंय असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामा भल्या सकाळी दिग्रसला गेला, सोयाबीन भरलं आणि नागपूरला निघाला. वाटेत दुपार उतरताना शेडवर थांबला. आईने त्याच्यासाठी भाकर आणि वांग्याची भाजी बांधून ठेवली होती. मी बाहेर थिनरमध्ये ब्रश धूत बसले होते. गाडी माझ्या समोरच उभी राहिली. पुढच्या चाकावर लाल टिपका होता.

मला आधी हसूच आलं.

"मामा, तुमचं चाक तं पुढं आलं," मी म्हटलं.

"कुकू हाये ते, पागल. पूजेचं." मामा उतरता उतरता म्हणाला.

मग तो थांबला. एक पाय पायरीवर, एक जमिनीवर. त्याने मागच्या चाकाकडे पाहिलं. तिथेही टिपका होता. तो गाडीला वळसा घालून पलीकडे गेला. मी ब्रश तसाच ठेवून त्याच्या मागे गेले. पलीकडेही होते. मामा वाकून मागे लटकवलेल्या स्टेपनीकडे पाहत होता. तिलाही होता. धुळीने सगळे टिपके सारखेच विटकरी झाले होते. कुंकू कुठलं आणि रंग कुठला, ते सांगता येत नव्हतं. मी नखाने एक खरवडून पाहिला, तो तेलकट निघाला. दुसराही तेलकट. लाल रंगाच्या टिपक्यावरही बाईंनी कुंकू लावलंच असणार.

मामाने टायरवाल्याला फोन लावला. बाबाही बाहेर आले होते, म्हणून त्याने स्पीकर चालू केला.

"काल कोणतं चाक टाकलं बे स्टेपनीत?"

"भाऊ, सगळ्यायलेच लाल होतं. मी बी पाहत रायलो. गिऱ्हाइकं उभे होते, दसऱ्याचा दिवस. सगळे चाकं उतरवून मांगचे-पुढचे अदलाबदल केले, जे पह्यले खाली उतरलं ते स्टेपनीत टाकलं."

"मंग फोन काऊन नाही केला?"

"केला न. तीनदा केला. तुमचा लागेच नाही."

मामाने फोन बंद केला. रस्त्यावरून एक एसटी गेली आणि शेडचे पत्रे थोडे थरथरले.

"दारव्ह्यापासून मांगं कटकट आयकू येत होती," मामा म्हणाला. "मले वाटलं दोर असन, ताडपत्रीचा."

मग आम्ही शोधायला लागलो. पत्र्याचा तो जुळलेला तुकडा माझ्याकडे होता. तो घेऊन मी एकेका चाकापाशी बसले. तुकडा कुठेही लावला तरी जुळत होता. चारही बाजूंनी जुळत होता. बाबा गुडघ्यांवर बसून भोकांच्या कडांवरून बोटं फिरवत होते, डोळे मिटून. "काहीच लागत नाही," ते म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. मामाने पान्याने डिस्क वाजवून पाहिल्या. टायर चढवलेला, वर मालाचं ओझं, सगळ्यांचा आवाज सारखाच बसका येत होता.

मालकाचा फोन आला. मामाने सांगितलं.

"पोट्टा म्हणते न टाकलं मनून? मंग टाकलं," मालक म्हणाले. "तुले काय स्वप्न पडलं का?"

"मालक, त्यालेच मालूम नाही कोणतं टाकलं."

"माल संध्याकायपर्यंत कळंबच्या पुढं जाले पायजे. सकाळी नागपुरात गाडी खाली कराची हाये. तू पाय, कसं कराचं ते."

मामाने मान हलवली, जणू मालक समोर उभे आहेत. मग माझ्याकडे पाहिलं. "तुले तरी दिसन का काही? तुनंच त केलं."

मला एकदम आठवलं. "संध्याकाळी दिसेल," मी म्हटलं. "ऊन खाली गेलं की तो रंग हिरवा दिसतो. थांबा थोडं."

मी इतक्या खात्रीने बोलले की मामा खरंच दगडावर बसला. आईने चहा आणला. बाबा माझ्याकडे पाहत होते. ते हळूच म्हणाले, "पण मंग तुनं त्यात ऑक्साईड टाकलं होतं न माय."

"हो," मी म्हटलं.

तरीही आम्ही थांबलो. दुसरं काय करायचं, ते सुचत नव्हतं. ऊन पिवळं झालं, मग तांबूस झालं. ट्रकची सावली लांब होत रस्त्यापर्यंत गेली. मी एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत चालत होते, वाकत होते, डोळे बारीक करत होते. मनात म्हणत होते, थोडं तरी दिसू दे. माझा हात कुठेतरी कच्चा पडलेला असू दे. पण सगळी चाकं एकसारखी तांबूस झाली. एकसारखी सुंदर. मग ऊन पत्र्यांवरून निघून गेलं आणि सगळंच करडं झालं.

मालकाचा पुन्हा फोन आला. मामा बाजूला जाऊन बोलला. मला त्याचं "हाव, हाव" एवढंच ऐकू आलं. परत येऊन त्याने भाकरीची पिशवी उचलली.

"निंघतो मी," तो म्हणाला. "सात चाकं हायेत. त्यातलं एक स्टेपनीत हाये. तेच असन."

"अन नसन त?" बाबा म्हणाले.

"हळू जातो न भाऊजी."

"हळू गेल्यानं चीर थांबते का?"

मामा वर चढला. इंजिन सुरू केलं. आई दारात उभी होती, तिने पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं. मला मोठ्या माणसांच्या मध्ये बोलायची सवय नाही. मी दरवाज्याची कडी धरली, ती थरथरत होती, आणि म्हटलं, "मामा, खरवडून पाहू न. रंग काढला की वेल्डिंग दिसेल."

"मालक म्हणते, पूजेच्या दुसऱ्याच दिवशी गाडीले खरवडाची पत्ती लावू नको मनून. कालचं कुकू हाये. त्याच्यावर मालकाचा भरवसा हाये, पोरी. त्याले मी काय सांगू?"

तेवढ्यात पुढून आवाज आला. कर्र, कर्र. बाबांनी पुट्टीची लोखंडी पत्ती घेऊन पुढच्या चाकाचा रंग काढायला सुरुवात केली होती. त्यांनी कुणाला विचारलं नाही. कुंकवाचा टिपका सोडून, भोकांच्या भोवतीनं, ते जोर लावून खरवडत होते. मामाने इंजिन बंद केलं. बाबांनी वर न पाहता दुसरी पत्ती माझ्याकडे सरकवली.

मोबाईलच्या उजेडात आम्ही रंग काढला. पिवळ्याखाली निळा निघाला, निळ्याखाली कुठे कुठे लाल. आधीच्या मालकांचे रंग. त्याखाली साधं लोखंड. पुढची दोन्ही चाकं चांगली होती. मागची बाहेरची दोन्ही चांगली. मामा स्टेपनीखाली पाठीवर झोपला आणि तिथून बराच वेळ नुसता खरवडल्याचा आवाज येत राहिला. मग तो बाहेर आला. त्याच्या केसांत पिवळा चुरा पडला होता.

"ही बी चांगलीच हाये," तो म्हणाला.

म्हणजे ते चाक मागच्या आतल्या दोघांपैकी एक होतं. बाहेरच्या चाकाच्या आड, जिथे ड्रायव्हरला कधीच काही दिसत नाही. आतली चाकं तपासायची म्हणजे भरलेली गाडी जॅकवर घ्यायची आणि बाहेरचं चाक उतरवायचं. मामाने लाकडी ठोकळे लावले. पान्यावर तो उभा राहून उड्या मारत होता, तेव्हा एकेक नट करकरत सुटत होता. डावं आतलं चाक चांगलं निघालं. बाहेरचं परत चढवून आम्ही उजवीकडे गेलो. बाहेरचं चाक उतरलं. मी आत हात घातला आणि पत्ती ओढली. दुसऱ्या भोकाजवळ ती लोखंडावर घसरली नाही, आत रुतली. पुट्टीचा पांढरा भुगा माझ्या मनगटावर पडला.

बाबांनी उजेड धरला. वेल्डिंगची रेघ दिसली. आणि वेल्डिंग जिथे संपत होतं, तिथून नवी चीर निघाली होती. ती वाकडी होत नटाच्या भोकापर्यंत गेली होती. आमच्या शेडमधून चाक गेलं तेव्हा ती नव्हती.

मामाने त्या चिरेत नख घातलं आणि शेवटपर्यंत ओढत नेलं. नख आत जात होतं.

तो तसाच जमिनीवर बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "दारव्ह्याजवळ मी एका दूधवाल्याले ओव्हरटेक केला. त्याच्या मांगं पोरगं बसलं होतं, दप्तर घेऊन. त्यानं मले हात दाखवला."

स्टेपनी चढवून तो निघाला, सगळी चाकं खरवडलेली, भोकांभोवती निळे-लाल चट्टे पडलेले. कळंबहून त्याने फोन केला, नागपूरहून केला. आई तोपर्यंत जेवली नव्हती.

मला वाटलं होतं, गोष्ट इथे संपली.

काही दिवसांनी मालक शेडवर आले. मामा गाडी घेऊन आला होता. नागपूरहून नवी डिस्क आली होती, ती बसवून झाली होती. फुटलेली डिस्क बाबांनी भिंतीशी उभी करून ठेवली होती, मुद्दाम, मालकांनी पाहावी म्हणून. मालकांनी पाहिली. बराच वेळ पाहत राहिले. "वाचलो भाऊ," ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले असं मला वाटलं. बाबांच्या खांद्यावर हातही ठेवला.

मग म्हणाले, "हिले पुन्हा पक्की वेल्डिंग मारून घेतो. दोन्हीकून पट्टी लावून. स्टेपनीत राहू द्या."

"मालक, भंगारात द्या ते," बाबा म्हणाले.

"भंगारात काय भेटते? स्टेपनीतच त रायन. पंचर झाली त जवळच्या गावापर्यंत नेईन, एवढ्यापुरती. अन सगळे चाकं आधीसारखे करून द्या. आरटीओची पासिंग हाये पुढं. बाई, तुनं जसा जुळवला होता न, तस्साच."

बाबांनी आणखी दोनदा सांगून पाहिलं. मालक हसत राहिले. मामा खाली मान घालून हातातला पाना पुसत होता. त्याने काही बोलावं असं मला वाटत होतं, पण गाडी मालकाची होती आणि मुली त्याच्या होत्या.

मी रंगाला बसले. पिवळा, पांढरा, थेंब थेंब काळा. बाकीच्या चाकांसाठी रंग बनवला, त्यात काडीच्या टोकाएवढं रेड ऑक्साईड टाकलं. मग वेल्डिंगच्या डिस्कसाठी एका वाटीत वेगळा काढला. ऑक्साईडचा डबा उघडला आणि पुन्हा झाकण लावलं.

बाबांनी वाळलेला तुकडा डोळ्यांपाशी धरला. त्यांना काय दिसलं असेल, माहीत नाही.

"ऑक्साईड टाकलं?"

"नाही."

ते थोडे थांबले. "बरं," म्हणाले. त्यांनी डिस्कच्या आतल्या बाजूला छन्नीची एक खूण मारली, पण चाक बसलेलं असताना ती दिसत नाही. मग ब्रश घेतला.

मालक दुसऱ्या दिवशी भर दुपारी आले, एकेका चाकावरून हात फिरवला आणि खूश होऊन गेले. संध्याकाळी मी मामाला ट्रकच्या मागे घेऊन गेले. ऊन तिरपं होऊन गाडीखाली येत होतं. आधी काही दिसेना. मग स्टेपनीवर, भोकाजवळ, तळहाताएवढा हिरवट डाग हळूहळू वर आला.

"दिसलं," मामा म्हणाला. तो खाली बसून ते पाहत राहिला. मग म्हणाला, "अन दुपारी पंचर झाली तं?"

"तुम्हाला माहीत आहे ना मामा. तुम्ही ती लावणारच नाही."

"मी नाही लावणार," तो म्हणाला.

सुट्टी संपली, मी अमरावतीला आले. अधूनमधून मामाला फोन करते. आधी मुलींचं विचारते, मग हळूच विचारते, स्टेपनी कुठे आहे? तो म्हणतो, "मांगंच लटकून हाये. काल पाह्यली, हिरवी हाये." मग आम्ही दुसरं काहीतरी बोलतो.

गेल्या आठवड्यात प्रॅक्टिकल संपल्यावर जेवायच्या सुट्टीत त्याला फोन केला, तर मागे गाडीचा आवाज नव्हता. मुली भांडत होत्या.

"घरी आहात का मामा?"

"ताप हाये दोन दिवसांपासून. मालकानं बदली ड्रायव्हर लावला. पांढरकवड्याकडं माल घेऊन गेला."

"त्याला सांगितलं का? स्टेपनीचं?"

"सांगतलं न. म्हटलं, स्टेपनीची डिस्क चिरलेली हाये, वरून दिसत नाही, संध्याकायच्या उन्हात पाहाजो, हिरवं दिसते, ते चाक लावू नको. तो हासला. म्हणे, काका, ताप डोस्क्यात गेला का?"

"मग पुन्हा सांगा. फोन करा त्याला."

"करून राह्यलो. उचलत नाही, गाडी चालवत असन."

"कधी निघाला तो?"

"सकाळीच."

मी लॅबच्या व्हरांड्यात उभी होते. समोरच्या मैदानावर टळटळीत ऊन पडलं होतं. स्टँडमधल्या सायकली, पाण्याची टाकी, गेटचा पिवळा दरवाजा, सगळ्यांचे रंग स्पष्ट आणि खरे दिसत होते. संध्याकाळ व्हायला अजून खूप वेळ होता.

"मामा," मी म्हटलं, "पुन्हा फोन लावा."

"लावतो," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.